‘तुंदिल’ या शब्दाचा नेमका अर्थ काय, आणि तो निर्जीव वस्तूला लावता येतो का?

प्रश्न – मृत्तिका

जुन्या मातीच्या भांड्यांच्या एका संग्रहासाठी मी मराठीत वर्णनात्मक नोंदी तयार करीत आहे. त्यांतील एका भांड्याचा घाट असा आहे: बूड लहान, जेमतेम टेकण्यापुरते, तेथून अंग झपाट्याने बाहेर येते, मध्याच्या किंचित खाली सर्वांत रुंद होते आणि मग आत वळत वळत अरुंद गळ्याला येऊन मिळते. या घाटासाठी मी ‘तुंदिल’ हे विशेषण वापरले. नोंदी तपासणाऱ्या सहकाऱ्यांनी त्यावर दोन आक्षेप घेतले. पहिला असा की हा शब्द फक्त माणसाला किंवा देवतेला लागतो. गणपती तुंदिलतनू असतो, घडा नव्हे. दुसरा असा की ‘तुंदिल’ हा ‘तुंड’ या शब्दापासून आला असून, ‘वक्रतुंड’ या नावात जे तुंड आहे तेच येथे आहे. त्यामुळे त्याचा संबंध सोंडेशी किंवा मुखाशी आहे, फुगीरपणाशी नाही.

दुसरा आक्षेप मला पटत नाही, पण तो खोडून काढण्याइतके व्याकरण मला येत नाही. शब्दाची घडण, त्याचा मूळ अर्थ आणि त्याच्या वापराची मर्यादा यांवर जाणकारांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती. ‘फुगीर’, ‘गोलसर’, ‘फुगलेले’ हे शब्द मला माहीत आहेत. परंतु ‘फुगलेले’ म्हटले की आधी सपाट असलेले काहीतरी नंतर फुगले असा भास होतो आणि ‘गोलसर’ म्हटले की लहान बूड व अरुंद गळा ही दोन्ही वैशिष्ट्ये हरवतात.

उत्तर – व्याकरणवाचक

आधी दुसरा आक्षेप निकालात काढू, कारण तो सरळसरळ चुकीचा आहे. ‘तुंड’ आणि ‘तुंद’ हे संस्कृतातले दोन वेगळे शब्द आहेत. ‘तुंड’ म्हणजे तोंड, चोच, सोंड. ज्याचे तुंड वक्र आहे तो वक्रतुंड. ‘तुंद’ म्हणजे पोट. अमरकोशाच्या मनुष्यवर्गात पोटाचे पर्याय ‘पिचण्डकुक्षी जठरोदरं तुन्दम्’ असे एका ओळीत दिले आहेत, आणि त्याच वर्गात मोठ्या पोटाच्या माणसासाठी ‘तुन्दिलस्तुन्दिभस्तुन्दी बृहत्कुक्षिः पिचण्डिलः’ हे पाच शब्द येतात. ‘बृहत्कुक्षि’ हा शब्द शेजारीच बसलेला असल्यामुळे अर्थाबद्दल शंका उरत नाही.

आता घडण. पाणिनीचे सूत्र आहे ‘तुन्दादिभ्य इलच्च’ (५.२.११७). तुंद आणि त्या गणातील इतर शब्द यांना, ‘ते ज्याच्याजवळ आहे’ या अर्थी ‘इल’ हा प्रत्यय लागतो, असे ते सांगते. तुंद ज्याला आहे तो तुंदिल. त्याच न्यायाने उदरिल आणि पिचंडिल. हाच प्रत्यय मराठीत रोज भेटणाऱ्या शब्दांत आहे: फेन म्हणजे फेस, फेस असलेले ते फेनिल, जटा असलेला तो जटिल, पंक म्हणजे चिखल, चिखलाने भरलेले ते पंकिल. मात्र शेवटी ‘इल’ ऐकू आला की तो हाच प्रत्यय, असे समजू नये. ‘अनिल’, ‘शिथिल’, ‘सलिल’ यांची घडण निराळी आहे.

येथे एक खरा प्रश्न उभा राहतो, आणि तुमच्या नोंदीच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे. पोट तर सर्वांनाच असते. मग ‘पोट असलेला’ एवढे म्हटल्यावर ‘मोठ्या पोटाचा’ हा अर्थ कोठून आला? वैयाकरणांनी याचे उत्तर एका कारिकेत देऊन ठेवले आहे. ‘असलेला’ हा अर्थ देणारे प्रत्यय नुसते अस्तित्व सांगण्यासाठी क्वचित येतात. विपुलता, निंदा, प्रशंसा, नित्य संबंध, अतिशय यांपैकी काहीतरी सुचवायचे असते तेव्हाच ते बहुधा वापरले जातात (‘भूमनिन्दाप्रशंसासु नित्ययोगेऽतिशायने’). मराठीतही ‘त्याला गळा आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा गळा नसलेली माणसे आपल्या डोळ्यांसमोर नसतात. त्याचा गळा गाण्याचा आहे, एवढेच आपण सांगतो. तुंदादि गणात तर ‘स्वाङ्गाद्विवृद्धौ’ असे एक गणसूत्रच आहे: शरीराचा एखादा अवयव वाढलेला असेल, तर त्या अवयवाच्या नावालाही हे प्रत्यय लागतात. सिद्धांतकौमुदीत याचे उदाहरण ‘कर्णिल’ असे दिले आहे, म्हणजे ज्याचे कान मोठे आहेत तो. तेव्हा ‘एखादा भाग बाकीच्या अंगाच्या मानाने ठळकपणे वाढलेला असणे’ हा अर्थ या शब्दाच्या कुळातच आहे.

याच तुंदापासून झालेला आणखी एक शब्द सांगण्याचा मोह आवरत नाही. ‘तुंदपरिमृज’ म्हणजे अक्षरशः पोटावरून हात फिरवणारा. अर्थ मात्र ‘आळशी’. पाणिनीने त्यासाठी स्वतंत्र सूत्र केले (३.२.५), आणि पुढच्या वैयाकरणांनी खुलासा केला की आळशी हा अर्थ असेल तरच ‘तुंदपरिमृज’ म्हणावे; कोणी खरोखरच पोट पुसत असेल तर त्याला ‘तुंदपरिमार्ज’ म्हणावे. एका स्वराच्या फरकाने स्वभाव आणि कृती वेगळ्या करण्याची ही दक्षता मला फार मोलाची वाटते.

उत्तर – ओवीप्रेमी

वरील विवेचनाला मराठीच्या बाजूने जोड देतो. ‘तुंद’ हा शब्द आपल्याला परका वाटतो, पण त्याचे मराठी रूप आपण वापरतोच: ‘दोंद’. ‘दोंद सुटणे’, ‘दोंद वाढणे’ हे प्रयोग सर्वांच्या ओळखीचे आहेत, आणि ‘दोंदील’ हे विशेषणही आहे, जरी ते आता कमी ऐकू येते. दासबोधाच्या पहिल्या दशकातील गणेशस्तवनात समर्थ लिहितात:

चतुर्भुज लंबोदर । कासे कासिला पीतांबर ।
फडके दोंदिचा फणिवर । धुधुकार टाकी ॥

येथे ‘दोंदिचा’ हे रूप पाहण्यासारखे आहे. आज आपण ‘दोंद’ नपुंसकलिंगी धरतो (‘त्याचे दोंद’), म्हणून आपण ‘दोंदाचा’ म्हणू. समर्थांच्या रूपात मात्र भिंत–भिंतीचा यासारखी स्त्रीलिंगी चाल दिसते. पोटाभोवती बांधलेला नाग फुत्कारतो आहे, आणि त्याचा पत्ता म्हणून कवीने ‘उदर’ न घेता ‘दोंद’ घेतले. ‘लंबोदर’ हे नाव पहिल्याच चरणात येऊन गेले आहे. नाव देवाचे, पण ज्यावर साप फडकतो ते पोट डोळ्यांना दिसावे म्हणून घरातला शब्द, असा तो जोड आहे.

‘तुंद’मधल्या उकाराचा ओकार कसा झाला, यालाही नियम आहे. जोडाक्षरापूर्वीच्या उकाराचा प्राकृतात ओकार होतो. बाराव्या शतकातील हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात ‘ओत्संयोगे’ असे सूत्रच दिले आहे आणि त्याच्या उदाहरणांत ‘तुण्ड’चे ‘तोण्ड’ अग्रभागी आहे. आपले ‘तोंड’ ते हेच. पुस्तकापासून निघालेली ‘पोथी’ आणि मुस्तेपासून आलेला ‘मोथा’ त्याच वाटेने आले. त्या वाटेने ‘तुंद’चे हिंदीत ‘तोंद’ झाले. मराठीत आरंभीचा तकारही बदलून ‘दोंद’ झाले, ते बहुधा पुढच्या दकाराच्या ओढीने. म्हणजे तुंड आणि तुंद या दोन शब्दांची गल्लत संस्कृत रूपांत सहज होते, पण त्यांच्या मराठी वारसांत होऊ शकत नाही: एकाचे झाले तोंड आणि दुसऱ्याचे दोंद. आपल्या सहकाऱ्यांना हे एकच उदाहरण दाखवले तरी पुरे.

उत्तर – शुद्धलेखक

लेखनाबद्दल एक सूचना. ‘तुंदील’ असे दीर्घ लिहिलेले वारंवार दिसते, ते टाळावे. मराठी अकारान्त शब्दांतील उपान्त्य इकार-उकार दीर्घ असतात, पण तत्सम शब्द मुळाप्रमाणे लिहायचे असतात. म्हणून जटिल, कुटिल, फेनिल आणि तसेच तुंदिल. ‘दोंदील’ हा तद्भव असल्यामुळे तो मात्र दीर्घ. ‘तुंदिलतनु’ या समासाचा शेवटचा उकार मुळात ऱ्हस्व असला, तरी मराठीत शब्द सुटा लिहिताना तो ‘तुंदिलतनू’ असा दीर्घ होतो.

उत्तर – वैद्यकलेखक

व्युत्पत्तीबद्दल वाद नाही. माझी हरकत वापराबद्दल आहे, आणि ती जरा विस्ताराने मांडतो, कारण फुगीरपणाचे शब्द एकमेकांच्या जागी वापरण्याची सवय मला लेखनातील मोठा दोष वाटते.

संस्कृतातून आलेल्या या शब्दांत नाजूक भेद आहेत. ‘श्वि’ या धातूपासून ‘शून’ म्हणजे सुजलेला हे रूप होते. ‘शोथ’ हा वैद्यकातला शब्दही त्याच धातूचा. त्याला ‘उत्’ जोडला की ‘उच्छून’. मेघदूतातील यक्ष आपल्या विरहिणीचे मुख मनाशी पाहतो तेव्हा ‘प्रबलरुदितोच्छूननेत्रम्’ असे म्हणतो: पुष्कळ रडल्याने जिचे डोळे सुजले आहेत असे ते मुख. येथे फुगीरपणाला कारण आहे, वेदना आहे, आणि तो ओसरणारा आहे. ‘स्फीत’ हा शब्द निराळा. वाल्मीकी कोसल देशाचे वर्णन ‘स्फीतो जनपदो महान्’ असे करतात, तेव्हा त्यात सूज नाही, समृद्धी आहे. सर्व बाजूंनी झालेली वाढ आहे. अर्थशास्त्रातल्या ‘स्फीती’ने त्या शब्दाला आज अनिष्टाचा रंग दिला असला, तरी मुळात तो शुभ शब्द आहे. ‘पीन’ आणि ‘पीवर’ यांत मांसलपणा आणि घट्टपणा येतो. आणि रोगाने पाणी साठून पोट वाढते, त्याला वैद्यकात ‘जलोदर’ म्हणतात. त्या रुग्णाला तुंदिल म्हणणे हे अज्ञान तर आहेच, शिवाय निर्दयपणाही आहे.

या सर्वांच्या तुलनेत ‘तुंदिल’ हा कायमच्या आकाराचा शब्द आहे, हे मान्य. परंतु मराठीत त्याला थट्टेची छटा आहे. गणपतीच्या बाबतीत ती लाडाची होते, माणसाच्या बाबतीत उपहासाची. संग्रहाच्या नोंदीत वाचकाला हसू येईल असे विशेषण नको. ‘फुगीर पोटाचा, अरुंद गळ्याचा घडा’ असे साधे मराठी वर्णन मी पसंत करीन. शिवाय सजीव नसलेल्या गोष्टीला हा शब्द लावल्याचा जुना आधार कोणी दाखवलेला नाही.

उत्तर – व्याकरणवाचक

आधार आहे, आणि तो फार सुंदर आहे. सतराव्या शतकात शाहजहानच्या दरबारी असलेल्या जगन्नाथ पंडितांच्या भामिनीविलासात कुड्याच्या झाडाला उद्देशून एक अन्योक्ती आहे:

समुपागतवति दैवादवहेलां कुटज मधुकरे मा गाः ।
मकरन्दतुन्दिलानामरविन्दानामयं महामान्यः ॥

‘हे कुटजा, दैवयोगाने तुझ्याकडे आलेल्या या भुंग्याची अवहेलना करू नकोस; मकरंदाने तुंदिल झालेल्या कमळांनाही तो अत्यंत मान्य आहे,’ असा याचा भाव. येथे तुंदिल कोण आहे? कमळ. त्याला पोट नाही, पण आत मध भरला आहे आणि त्या भरलेपणाने त्याच्या अंगाला गोलाई आली आहे. थट्टेचा लवलेशही नाही. उलट, ज्यांच्या श्रीमंतीपुढे कुड्याचे फूल अगदी किरकोळ ठरते, अशा फुलांचे हे गौरवाचे विशेषण आहे. ‘अमुक वस्तूने तुंदिल’ असा समास करता येतो, हेही यातून दिसते. तेव्हा थट्टेची छटा ही मराठीतल्या वापराने आलेली आहे, शब्दाच्या प्रकृतीतली नाही.

घड्याबद्दल तर मला अधिक ठामपणे म्हणावेसे वाटते. ज्याला तुंद आहे तो तुंदिल. मग प्रश्न एवढाच की भांड्याला पोट असते का. मराठी भाषेने हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. आपण घड्याचे तोंड म्हणतो, घड्याचा गळा म्हणतो, घड्याचे पोट म्हणतो आणि घड्याचे बूड म्हणतो. मृत्तिका यांनी आपल्या प्रश्नातच ‘बूड’, ‘अंग’ आणि ‘गळा’ हे शब्द किती सहज वापरले आहेत, ते पाहावे. उलट दिशेनेही हाच संबंध दिसतो: रघुवंशाच्या दुसऱ्या सर्गात दिलीप राजा राखत असलेल्या नंदिनी गाईवर झडप घालणारा सिंह आपले नाव ‘कुंभोदर’ असे सांगतो, म्हणजे ज्याचे उदर कुंभासारखे आहे तो. पोटाला कुंभाची उपमा देणाऱ्या भाषेने कुंभाला पोट नाकारण्याचे कारण मला दिसत नाही. भाषेने ज्या वस्तूला पोट दिले आहे, तिला तुंदिल म्हणता येते. जिला दिले नाही, तिला म्हणता येत नाही. वर्तुळाकार ताटलीला, चेंडूला किंवा सुजलेल्या बोटाला मी तुंदिल म्हणणार नाही. चेंडू सगळाच गोल आहे. त्याला पोट वेगळे काढता येत नाही.

उत्तर – वैद्यकलेखक

भामिनीविलासातील प्रयोग निर्णायक आहे, आणि पोटाची कसोटीही मला मान्य आहे. मात्र जगन्नाथांच्या श्लोकात आकाराइतकेच आतल्या साठ्याला महत्त्व आहे, याकडे लक्ष वेधतो. मकरंद नसता तर कमळ तुंदिल झाले नसते. म्हणून ज्या वस्तूंचा फुगीरपणा आतल्या संचयामुळे आहे, तेथे हा शब्द सर्वांत नेमका बसतो. गोरखचिंचेचे उदाहरण घ्या. तिचे खोड उंचीच्या मानाने अवाढव्य जाड असते, आतले लाकूड मऊ व सच्छिद्र असते आणि त्यात पाणी साठते. त्या खोडाला ‘जाड’ म्हणणे अपुरे आहे, ‘सुजलेले’ म्हणणे चूक आहे; ‘तुंदिल खोड’ म्हटले की आकार आणि साठा दोन्ही एका शब्दात येतात. घडाही साठवणीचेच भांडे असल्यामुळे तेथेही शब्द शोभेल. तरीही नोंद सामान्य वाचकासाठी असेल, तर पहिल्या उल्लेखात सोपे वर्णन सोबत द्यावे, हा माझा आग्रह कायम आहे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद – मृत्तिका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तोंड आणि दोंद यांची जोडी सहकाऱ्यांना दाखवली, आणि तुंडाबद्दलचा आक्षेप त्यांनी मागे घेतला. नोंदीचे वाक्य आता असे ठेवले आहे: ‘लहान बूड, अरुंद गळा आणि मध्याच्या किंचित खाली सर्वाधिक रुंद होणारे फुगीर पोट, असा या घड्याचा तुंदिल घाट आहे.’ त्यामुळे ज्यांना शब्द माहीत नाही, त्यांना तो वाक्यातूनच कळेल.

एकच शंका उरली. अशा अनेक भांड्यांची तुलना करताना या गुणाचे भाववाचक नाम लागते. ‘तुंदिलता’, ‘तुंदिलपणा’ आणि ‘तौंदिल्य’ यांपैकी कोणते घ्यावे? तसेच स्त्रीलिंगी नामाबरोबर ‘तुंदिला’ असे रूप करावे लागेल का, कारण संग्रहात सुरया आणि कुप्याही आहेत.

उत्तर – शुद्धलेखक

मराठीत अकारान्त विशेषण लिंगाप्रमाणे बदलत नाही: सुंदर मुलगा, सुंदर मुलगी. म्हणून तुंदिल घडा, तुंदिल सुरई, तुंदिल भांडे. ‘तुंदिला’ हे संस्कृत स्त्रीलिंगी रूप मराठी वाक्यात अनावश्यक आहे. संस्कृत वळणाच्या समासात किंवा कवितेत चालेल.

भाववाचक नामांपैकी ‘तौंदिल्य’ संस्कृत नियमाने साधता येईल, पण जटिल–जटिलता, कुटिल–कुटिलता या ओळखीच्या जोड्या मराठीत असताना ‘तुंदिलता’ हेच रूप वाचकाच्या कानाला लगेच पटेल. ‘तुंदिलपणा’ अशुद्ध नाही. तत्सम शब्दाला मराठी ‘पणा’ सर्रास लागतो. फक्त ‘पणा’ने शब्द थोडा माणसाच्या स्वभावाकडे झुकतो, असे मला जाणवते: वेंधळेपणा, हट्टीपणा, तसा तुंदिलपणा. आकारमानाच्या तुलनेसाठी म्हणून मी ‘तुंदिलता’ निवडीन, आणि ‘या सुरईची तुंदिलता पहिल्या घड्याहून कमी आहे’ असे निःशंक लिहीन. सारणीत जागा कमी असेल, तर तेथे नुसते ‘पोटाचा घेर’ असे लिहून माप द्यावे. मापाच्या रकान्यात विशेषणाची गरज नाही.